जाळीबाहेर सत्तावीस मिनिटं

केबिन नंबर ३१२, पाण्यावर.
(तारीख-वेळ लिहीत नाही. जेवणाच्या खोलीतलं घड्याळ आणि बाहेरच्या बोळातलं घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक आहे, आणि मी दोनदा लेखी कळवूनही कोणी दाद घेतलेली नाही.)

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. जहाज या क्षणी डाव्या अंगावर कललं आहे. टेबल जमिनीला बोल्ट मारून पक्कं केलेलं आहे, मला नाही, त्यामुळे गेला अर्धा तास मी वाकलेलाच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? धाकटीला बँकेत कायम केलं का? खरं तर हे मला विचारायची गरज नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुमची बहीण तुमच्याकडून परत येते तेव्हा मी बसथांब्यावर पिशवी घ्यायला उभा असतो, आणि घरी पोचेपर्यंत ती सगळं सांगते. मी पिशवीकडे बघत ऐकतो, मधूनच "बरं" म्हणतो. पण स्वतः तुम्हाला विचारून अकरा वर्षं आणि तीन महिने झाले, म्हणून आज विचारतोय.

पत्र फाडू नका. पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम तिच्या अक्षरात घेतला आहे, कारण माझं अक्षर बघितलं असतं तर तुम्ही पाकीट न उघडताच केराच्या डब्यात टाकलं असतं. (ही फसवणूक आहे, मान्य आहे. आयुष्यात केलेल्या फसवणुकी मी मोजून ठेवल्या आहेत, ही दुसरी. पहिली शेवटी सांगतो.) मला तुमच्याशी पुन्हा बोलायचं आहे, दादा. एवढ्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय. पण एवढं एकच वाक्य लिहून पाठवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, याला आता काय झालं एकाएकी. म्हणून काय झालं ते सांगतो, आणि तुम्हाला माहीतच आहे की मला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

तर सुरुवात तुमच्या आईच्या स्वयंपाकघरापासून. तिथे पिठाच्या डब्यांच्या वर एका जुन्या कॅलेंडरचं पान खिळ्याला लावलेलं होतं, म्हणे. पांढरा बर्फ, त्यावर ओळीने उभे पेंग्विन, मागे एक जहाज. तुम्ही नऊ वर्षांचे, ती सहा वर्षांची. मोठेपणी आपण दोघं इथे जायचं, असं तुम्ही तिला कबूल केलं होतं. पुढे ती भूगोल शिकवायला लागली आणि एकोणतीस वर्षं काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने तोच बर्फ काढत राहिली. निवृत्त झाली त्या दिवशी घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, आता खडूचा बर्फ पुरे. मी म्हटलं, अगं दादा... आणि तिथेच थांबलो, कारण आमच्या घरात ते वाक्य पुढे जात नाही. मग तीच म्हणाली की दादा येणार नाही, तुम्ही असाल तर. आणि मी एकटी गेले तर तुम्ही इथे काळजीने वाळून जाल. तेव्हा तुम्हीच चला. अशा रीतीने या जहाजावर तुमच्या जागेवर मी बसलो आहे. रोज सकाळी हे मला आठवतं आणि रोज सकाळी ती खिडकीत उभी राहून काहीतरी बघून मागे वळते, आणि मागे मी असतो. तिचा चेहरा पडतो असं नाही. पण थोडासा सावरून घेते, हे मला चष्म्यातून दिसतं. (दिसायचं. चष्म्याचं काय झालं ते पुढे.)

आता जहाजाविषयी. बंदर सोडलं आणि दोन दिवस असा समुद्र लागला की मी लाइफ जॅकेट घालून झोपलो, लाइफ जॅकेट घालून जेवलो, आणि एकदा लाइफ जॅकेट घालून आंघोळीला गेलो. तिसऱ्या दिवसापासून बर्फ. तो जहाजाच्या अंगाला घासतो तेव्हा भांड्यांची अख्खी फळी कोसळल्यासारखा आवाज येतो, आणि सगळे प्रवासी "अहाहा" म्हणत डेककडे पळतात. मी उलट दिशेला पळतो, कारण त्या वेळी बोळ मोकळा असतो आणि भिंतींना तडा गेला आहे का ते नीट बघता येतं. जीवरक्षक होड्या मी पहिल्याच दिवशी मोजल्या. जागा पुरेशा आहेत. पण त्या सरासरी वजनाच्या माणसाला धरून मोजलेल्या आहेत, आणि आपल्याच गावचे एक दंतवैद्य सपत्नीक सोबत आहेत, ते दोघं मिळून सरासरीत अजिबात बसत नाहीत. हे मी मोहिमेच्या प्रमुखबाईंना लेखी कळवलं. (उंच बाई, दोरखंडासारखे हात, चौदा वर्षं या बर्फात येतायत. माझ्या चिठ्ठ्या त्या वाचतात, घडी घालतात आणि खिशात ठेवतात. आठ दिवसांत खिसा चांगलाच फुगला आहे.) वर इथे सूर्य मावळत नाही. चौतीस वर्षं तो आणि मी एका सुमाराला कामावर यायचो, आणि आता बघावं तेव्हा तो आकाशात रेंगाळतोय. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

किनाऱ्यावर उतरायचं म्हणजे रबरी बोटीतून. त्याआधी बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि कपड्यांचे खिसे नळीच्या यंत्राने ओढून साफ करायचे, कारण त्या जमिनीवर बाहेरचं एक बीसुद्धा जाता कामा नये. मळमळीसाठी मी खिशात लिंबू ठेवत होतो. पहिल्याच दिवशी माझ्या खिशातून लिंबाची एक बी निघाली. प्रमुखबाईंनी ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. मी म्हटलं, असा निष्काळजी माणूस किनाऱ्यावर जाता कामा नये, आणि माघारी फिरलो. दुसऱ्या दिवशी वारा होता. तिसऱ्या दिवशी वारा नव्हता, तेच मला संशयास्पद वाटलं. चौथ्या, पाचव्या दिवशी कारण विचारायचंही तुमच्या बहिणीने सोडून दिलं. ती एकटी जायची आणि गाल लालबुंद करून परत यायची, पेंग्विन कसे चालतात ते केबिनमध्ये चालून दाखवायची (साठीच्या घरातली बाई, दादा, दोन्ही हात मागे करून), आणि मी "बरं" म्हणायचो. बसथांब्यापासून घरापर्यंत म्हणतो तसंच.

पण मी जहाजावर नुसता बसून नव्हतो. उतरायच्या दारापाशी एक फळा आहे. मी तो पाहिला आणि जागीच थांबलो. लाकडी फळा, त्यावर ओळीने खिळे, खिळ्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नंबराचा बिल्ला. एक बाजू पांढरी, एक लाल. जहाज सोडताना आपला बिल्ला लाल करायचा, परत आल्यावर पांढरा. सगळे पांढरे झाले की नांगर उचलायचा. दादा, आपल्या कारखान्याच्या गेटवरचा हजेरीचा फळाच तो, ज्यापाशी मी चौतीस वर्षं बसलो! फक्त पितळेच्या जागी प्लास्टिक आणि सातच्या ठोक्याला ओढायची लोखंडी जाळी नाही. मी एक खुर्ची आणली आणि फळ्यापाशी मांडली. कोणी नेमलं नव्हतं, कोणी उठवलंही नाही. मंडळी उतरायची तेव्हा मी प्रत्येकाला "बिल्ला" म्हणून आठवण करायचो, आणि परत येताना पुन्हा. पण हात लावला नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या बिल्ल्याला मी कधी हात लावला नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तुमची पंचवीस वर्षांची अखंड हजेरी पुरी व्हायला नऊ दिवस उरलेले असताना, सात वाजून तीन मिनिटांनी, मी तुमच्या तोंडावर जाळी ओढून कुलूप घातलं.   तुम्ही तसेच माघारी फिरलात, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. अखंड हजेरीचं मानपत्र गेलं ते गेलंच. अख्खी फाउंड्री मला मागून "कुलूप" म्हणायची, ते नाव तुम्हीच ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून समोर म्हणायला लागली.

आता परवाचा दिवस. शेवटचा किनारा. ती दोन वाजता गेली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली की कॅलेंडरवरचा किनारा हाच असावा, मागे तसाच सुळका आहे. मी म्हटलं, बिल्ला. तिने बिल्ला फिरवला. सत्तावन्न नंबर. साडेचारला शेवटची बोट आली, मंडळी चढली, बिल्ले फटाफट पांढरे झाले, आणि फळ्याच्या मध्यावर एक लाल राहिला. सत्तावन्न. मी डोळे मिटून पुन्हा उघडले. चष्मा पुसला. सत्तावन्नच. दारावरच्या माणसाला सांगितलं, तो म्हणाला की बोटीत सगळे आले, मी डोकी मोजली आहेत. मी म्हटलं, अहो डोकी काय मोजता, फळा काय म्हणतो ते बघा! केबिनकडे पळालो, रिकामी. जेवणाच्या खोलीत नाही. डेकवर नाही. डोळ्यांपुढे काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी सांगितलं नाही की ती बसमधून उतरेपर्यंत मला श्वास नीट घेता येत नाही.

खाली एक रबरी बोट निघत होती. वाट दाखवायला किनाऱ्यावर रोवलेल्या झेंड्या गोळा करून आणायला बोटवाली मुलगी एकटीच जात होती. "माणूस बाहेर राहिलाय!" असं ओरडत मी उडी टाकली. बूट नाही, औषधाचं पाणी नाही, खिशांची तपासणी नाही. पायात केबिनमधल्या सपाता, अंगात लाइफ जॅकेट. (दोन. एक तिच्यासाठी.) मात्र उडी टाकण्याआधी मी माझा बिल्ला, अठ्ठावन्न, लाल केला. मरायला निघालो असतो तरी केला असता.

किनाऱ्यावर ती मुलगी झेंड्या काढत डावीकडे गेली आणि मी हाका मारत उजवीकडे. पेंग्विनपासून पाच पावलं लांब राहायचं असा इथला नियम आहे. मला तो पाठ आहे. पेंग्विनांना नाही. मी पाच पावलं मागे सरकलो की ते सहा पुढे यायचे. एकाने तर माझी सपात चोचीने ओढून बघितली. असा मागे मागे जात असताना घसरलो आणि चष्मा उडाला. दादा, चष्म्याशिवाय मला समोरचा हात दिसतो, पण कोणाचा ते सांगता येत नाही. चाचपडत एका खडकावर टेकायला गेलो. खडकाने जांभई दिली. मी उभ्याचा उभा राहिलो, खडक कुशीवर वळला, आणि त्याच्याखाली काच फुटल्याचा आवाज आला. सील होता. नंतर कळलं की तो गरीब जातीचा होता, पण ते त्याने मला सांगितलं नव्हतं.

मी परत पाण्याकडे आलो तर बोट नाही. जिथे बोट ओढून ठेवली होती तिथे नुसती ओल. समोर राखाडी पाणी आणि त्यावर एक मोठा पांढरट डाग, म्हणजे जहाज. तो डाग हलतोय की उभा आहे हे मला कळेना. तेवढ्यात भोंगा वाजला. आपल्या कारखान्याच्या भोंग्याइतकाच लांब. माझी खात्री पटली की निघालं. मी ओरडलो, हात हलवले, दुसरं लाइफ जॅकेट काढून झेंड्यासारखं फिरवलं. काही नाही. मनगटावर घड्याळ होतं, ते दिसत नव्हतं. मग मी मनात सेकंद मोजायला लागलो, कारण दुसरं काही येतच नाही मला. मोजत मोजत एका खऱ्या खडकावर बसलो. (दोनदा थापटून बघितला.)

आजूबाजूला पेंग्विनांचा इतका गलका की आपल्या पाळी बदलण्याच्या वेळी नसेल. दिसत काही नव्हतं, काळे-पांढरे ठिपके नुसते. पण ऐकू येत होतं. तिने सांगितलेलं आठवलं. (म्हणजे "बरं" म्हणत असताना मी ऐकत होतो तर.) जोडीतला एक समुद्रावर जातो, दुसरा घरट्यावर बसून राहतो. गेलेला परत येतो तेव्हा हजारोंच्या गर्दीत येऊन नुसती हाक मारतो, आणि बसलेला त्या आवाजावरून ओळखून उठतो. उशीर झाला का, किती झाला, कोणी विचारत नाही. आला, एवढं पुरतं. माझ्यापासून चार हातांवर असाच एक आला असावा, कारण एक हाक झाली, तिला दुसरी हाक मिळाली, आणि मग दोघांनी मिळून असा काही आरडाओरडा केला की माझं मोजणं चुकलं.

आणि तिथे, दादा, त्या खडकावर, मला ती सकाळ आठवली. तुम्हाला ती माहीत आहे, पण मी ती आजवर तोंडाने कधी बोललेलो नाही, तेव्हा एकदा लिहून काढू द्या. त्या दिवशी मी चष्मा घरी विसरून आलो होतो. फळ्यावरचे नंबर वाचता येत नव्हते, गेटवर गर्दी, मी घामाघूम. तुमच्या बहिणीने तुम्हाला निरोप धाडला, आणि तुम्ही कामावर येता येता वाट वाकडी करून आमच्या घरी गेलात आणि माझा चष्मा घेऊन पळत आलात. जाळीपाशी येऊन म्हणालात, "अहो, मी आहे, चष्मा आणलाय." चष्मा नव्हता तेव्हा मी तुम्हाला आवाजावरून लगेच ओळखलं. मग तुमच्या हातून चष्मा घेतला, नाकावर ठेवला, घड्याळात बघितलं, सात वाजून तीन मिनिटं, आणि जाळी ओढली. चष्मा घातल्यावर मी तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही माझ्यासमोर उभे होतात, धापा टाकत, आणि मी फळ्याकडे बघून ठरवलं की तुम्ही आलेले नाही. नियम बरोबर होता, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. नियम बरोबरच होता. मी चुकलो. मला लाज वाटते, दादा. तेव्हाही वाटली होती. ती झाकायला मी आणखी कडक झालो.

मोजणं सोडून दिल्यावर बऱ्याच वेळाने पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला आणि "अहो काका!" अशी हाक आली. दिसलं काही नाही, पण बोटवालीचा आवाज ओळखला. मी इतक्या मोठ्याने ओ दिली की शेजारची पेंग्विनांची जोडी गप्प झाली. ती मुलगी म्हणाली, तुम्ही इथे कसे, जहाजावर तर फळ्यानुसार सगळे आत आहेत! मी म्हटलं, पण मी तर इथे बसलोय! हे वाक्य तोंडातून निघालं आणि मला तुमचा तो चेहरा आठवला. मी बोटीत चढलो. तिने सीलखालचे चष्म्याचे तुकडे वेचून आणले होते, कारण त्या जमिनीवर काही टाकून यायचं नसतं.

झालं होतं असं. दंतवैद्यांच्या बायकोचा पाय बर्फावर मुरगळला. तुमची बहीण तिला धरून आधीच्या बोटीने परत आली आणि तशीच वर डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेली. त्या गडबडीत बिल्ला फिरवायचा राहिला. (मी खुर्चीवर होतोच की, तर मला दिसली कशी नाही? नेमक्या त्या वेळी मी दोन मिनिटांसाठी घड्याळाची तक्रार द्यायला गेलो होतो. दोन मिनिटांच्या फरकाची तक्रार, दोन मिनिटं.) मग ती खाली आली, आपला बिल्ला पांढरा केला, आणि शेजारी माझा लाल दिसला. तिला वाटलं की कोणीतरी चुकून फिरवला असणार, कारण हा माणूस मेला तरी जहाजावरून उतरायचा नाही. म्हणून बिचारीने तोही सरळ करून टाकला. सगळे पांढरे. भोंगा. मी चढलो तेव्हा ती दारात उभी होती. सपातांकडे बघितलं, दुसऱ्या लाइफ जॅकेटकडे बघितलं. म्हणाली, हे कोणासाठी? मी म्हटलं, तुझ्यासाठी. तिने ते माझ्या हातून घेतलं. प्रमुखबाईंनी वहीत नोंद केली, प्रवासी अठ्ठावन्न, सत्तावीस मिनिटं उशीर. मी सही केली. तक्रार केली नाही. खुर्ची नेऊन जेवणाच्या खोलीत ठेवली.

हे पत्र दंतवैद्यांपाशी देतोय. ते बंदरावरून थेट घरी जातायत आणि तुमच्या पेटीत स्वतः टाकतील. आम्हाला बंदराच्या गावात अजून दहा दिवस राहायचंय. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राला उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. आलं तर मात्र बसथांब्यावर पिशवी घ्यायला मी येणार नाही, पिशवी घेऊन तिच्याबरोबर तुमच्या दारात येईन.

तुमचाच,
कुलूप

तां. क. पहिली फसवणूक सांगायची राहिली. निवृत्तीच्या दिवशी फळ्यावरून मी एक पितळी बिल्ला खिशात टाकला. दोनशे एकोणीस. तुमचा. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहे, नंबराची बाजू वर करून ठेवलाय. हजर.

तां. क. २. आता कामाचं. चष्म्याचा भुगा झाला आहे आणि मी हे पत्र तुमच्या बहिणीचा वाचायचा चष्मा लावून लिहितोय. (त्यामुळे तिला अजून एक अक्षर वाचता आलेलं नाही.) बोळातून चालताना ती माझा हात धरते आणि लोक बघतात. माझा जुना चष्मा त्याच खणात, बिल्ल्याशेजारी आहे. तुम्ही आणून दिलेला तोच. घराची दुसरी किल्ली अकरा वर्षं तुमच्या खुंटीवर आहे, हे मला आजच कळलं. तर तो चष्मा घेऊन विमानतळावर याल का? विमान एकवीस तारखेला सकाळी सातला उतरतं. तुम्ही कधीही या. मी घड्याळाकडे बघणार नाही. (शक्यतो साडेसातच्या आत. हे वाक्य खोडलं आहे असं समजावं.)

तां. क. ३, माझ्याकडून. दादा, चष्मा परत मिळाला आणि सगळं वाचलं. ते आता डेकवर पेंग्विन बघतायत, म्हणजे दिसत काहीच नाही, पण कान देऊन उभे आहेत. तुला एक सांगते, त्यांना कधी सांगू नकोस. डॉक्टरांच्या खोलीच्या खिडकीतून मी त्यांना बोटीत उडी टाकताना पाहिलं. सपाता घालून. मला रडूच आलं. खाली आले, माझा बिल्ला सरळ केला, त्यांचा लाल बिल्ला बघितला आणि एकदम तुझी ती सकाळ आठवून अशी चिडले की काय सांगू, मुद्दाम तोही पांढरा केला. प्रमुखबाईंना म्हटलं, यांना जरा बाहेर उभं राहू दे, तीनच मिनिटं. बोट खडकाच्या आडच होती, पोरगीला वायरलेसवर सगळं कळवलं होतं आणि ती त्यांच्यावर नजर ठेवून होती, काळजी करू नकोस. तीन मिनिटं झाल्यावर मी म्हटलं, आणा आता. तर प्रमुखबाई म्हणाल्या, राहू द्या हो थोडं, आठ दिवसांत पहिल्यांदाच जहाजावर शांतता आहे. चष्मा घेऊन ये. आणि मुद्दाम तीन मिनिटं उशिरा ये.